पाहिजे, पर्यंत आणि परवा

या, बसा, मागे जागा आहे अजून. ऐकू येतंय ना शेवटपर्यंत? चला.

तर मला विषय दिलाय इंग्रजी ग्रामरचा सराव कसा करायचा, त्यातही मोडल व्हर्ब्स, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन शक्यता, सक्ती, सल्ला दाखवणारी छोटी क्रियापदं, आणि वेळ सांगणारे शब्द. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कॅन कुड मे माइट शॅल शुड विल वुड मस्ट ही यादी मी फळ्यावर लिहिणार नाहीये. ती नऊ नावं तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, त्यांना एस लागत नाही, पुढे टू येत नाही, दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत हे पण माहितीये, आणि तरी एखादा साधा मेल लिहायला बसलं की हात अडतोच. का अडतो? कारण यादी पाठ करताना आपण इंग्रजीकडून निघतो आणि बोलताना डोक्यात आधी येतं मराठी. मग सराव पण मराठीकडूनच सुरू करायला नको का? मराठीत जिथे एका शब्दात काम भागतं आणि इंग्रजीत त्याच जागी दोन वेगळे शब्द लागतात, नेमकं तिथे आपण आपटतो. बाकी ठिकाणी फारसे नाही आपटत.

माझंच सांगते. मी नवीन नवीन भाषांतराची कामं घ्यायचे तेव्हाची गोष्ट. एकाला कळवायचं होतं की शुक्रवारपर्यंत करून देते. मी लिहिलं, आय विल वर्क ऑन इट टिल फ्रायडे. त्याचं उत्तर आलं, अगदी सभ्यपणे, की ठीक आहे, पण शुक्रवारनंतर पुढचं काम कोण करणार? मी दहा मिनिटं त्या मेलकडे बघत बसले, मला वाटलं ह्याने काम काढून घेतलं की काय माझ्याकडून. नंतर पेटली ट्यूब. टिल म्हणजे तोपर्यंत सलग चालू राहणार आणि तिथे थांबणार. मला म्हणायचं होतं बाय फ्रायडे, आय विल फिनिश इट बाय फ्रायडे, म्हणजे शुक्रवार उलटायच्या आत कधीही संपलेलं असेल.

आता ह्यात गंमत बघा, पर्यंत हा शब्द मराठीत दोन्ही करतो. पाचपर्यंत थांब आणि पाचपर्यंत पाठव. आपल्याला कधी गोंधळ होत नाही कारण थांब आणि पाठव ही क्रियापदंच सांगतात काय ते. इंग्रजी मात्र ते ओझं छोट्या शब्दावर टाकतं. त्यामुळे माझी सोपी युक्ती, पर्यंत काढून त्या जागी च्या आत घालून बघायचं. पाचच्या आत पाठव, बसलं बरोबर, मग बाय. पाचच्या आत थांब, हे काही बसत नाही, मग टिल किंवा अनटिल. इंग्रजी वाक्य बनवायच्या आधी मराठी वाक्यालाच विचारायचं, बाबा तुझं म्हणणं काय आहे नक्की.

पासूनचं पण तेच. २०१९ पासून म्हणतो आपण आणि दोन वर्षांपासून पण म्हणतो. इंग्रजीत सिन्सला एक खुंटी लागते, साल, वार, महिना, एखादी घटना, आणि फॉरला लांबी लागते, दोन वर्षं, तीन तास. आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला खटकत पण नाही, पण सात शब्दांत दोन चुका आहेत त्यात. सिन्सच्या जागी फॉर हवं ही एक, आणि ॲम लिव्हिंग पण नाही चालत, हॅव बीन लिव्हिंग लागतं, कारण मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चाललंय. मराठीत आपण राहतोय म्हणून मोकळे होतो, आपला वर्तमानकाळ मागची दोन वर्षं आरामात पोटात घेतो, इंग्रजीचा घेत नाही. इथे पण आधी मराठीतच बदल करा. दोन वर्षांपासून राहतोयच्या ऐवजी मनात म्हणा, गेली दोन वर्षं राहत आलोय. हे राहत आलोय म्हणजे जवळजवळ शब्दशः हॅव बीन लिव्हिंग आहे.

बिफोर टू डेज ही चूक पटकन उरकते. आत्तापासून मागे मोजलं तर अगो, आणि तो शब्द शेवटी येतो, टू डेज अगो. दुसऱ्या कुठल्या घटनेपासून मागे मोजलं तर बिफोर, टू डेज बिफोर द एक्झाम. झालं एवढंच.

तासाने येते आणि तासात येते ह्यावर मात्र जरा थांबू या. मराठीत ने आणि त एवढाच फरक, पण अर्थ वेगळा, तासाने म्हणजे तास झाल्यावर, तासात म्हणजे तास व्हायच्या आत. इंग्रजीत कोणी म्हणालं आय विल कॉल यू इन ॲन अवर तर आपल्याला त्यातला इन दिसतो आणि वाटतं तासात, म्हणून आपण पाच मिनिटांपासून फोन हातात धरून बसतो. त्याला म्हणायचं असतं तासाने. आतच म्हणायचं असेल तर विदिन. आणि आपण स्वतः सांगताना आफ्टर ॲन अवर म्हणतो, कळतं समोरच्याला, पण आत्तापासून पुढे मोजताना इन सहज येतं त्यांना. घोळ असा की आय फिनिश्ड इट इन ॲन अवर म्हटलं तर तो इन खरंच तासात असतो. काम किती वेळात उरकलं तर त, पुढे कधी सुरू होणार तर ने.

बरं, आता पाहिजे. माझा सगळ्यात आवडता शब्द. मला पेन पाहिजे, म्हणजे वाँट. मला जायला पाहिजे, म्हणजे शुड किंवा मस्ट. मला जायला पाहिजे होतं, म्हणजे शुड हॅव गॉन, आणि गेले नाही हे त्यात आलंच. एकच शब्द इच्छा पण दाखवतो आणि कर्तव्य पण. ह्यात मराठीचं काही चुकलेलं नाही हं. पाहिजे हे मुळात पाहणे ह्या धातूचं जुनं कर्मणी रूप, जसं म्हणणेचं म्हणजे, आणि घसरत घसरत ते इथे आलं. इंग्रजीत पण तसंच झालंय. विल म्हणजे मुळात इच्छा असणे, म्हणून तर मृत्युपत्राला अजून विल म्हणतात, नंतर ते भविष्यकाळाला जुंपलं गेलं. शॅलचा जुना अर्थ देणं लागणे. आणि मस्ट तर मुळात भूतकाळी रूप होतं, ते वर्तमानाला वापरू लागले आणि मग त्याला स्वतःचा भूतकाळच उरला नाही, म्हणून काल जावं लागलं हे सांगायला हॅड टू लागतं. कुडमधला एल पण असाच, तो मूळचा नाहीच, शुड आणि वुडकडे बघून स्पेलिंगमध्ये घुसला, आज उच्चारात येत नाही.

तर पाहिजे आलं की विचारायचं, जोर किती आहे आणि जोर कुणाचा आहे. बाहेरून आलेली सक्ती असेल तर आपल्याकडे लागतं हा फार नेमका शब्द आहे, मला सहाला उठावं लागतं, आय हॅव टू गेट अप ॲट सिक्स. बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असेल, जायलाच पाहिजे, तर मस्ट. आणि सल्ला असेल, जायला हवं खरं तर, तिथे शुड. एवढा कीस कशाला काढायचा असं वाटत असेल तर एक सांगते, इंटरनेट चालतं ज्या तांत्रिक कागदांवर त्यांना आरएफसी म्हणतात, त्यातला २११९ नंबरचा, १९९७ सालचा, फक्त ह्यासाठी लिहिलाय की मस्ट म्हणजे काय, शुड म्हणजे काय, मे म्हणजे काय. मस्ट असेल तर सूट नाही. शुड असेल तर सबळ कारण असल्यास वेगळं करता येईल, पण परिणाम समजून उमजून. मे असेल तर तुमची मर्जी. इंजिनिअर लोकांना सुद्धा आधी मोडल व्हर्बचे अर्थ ठरवून घ्यावे लागले, मग आपण अडखळलो तर काय नवल.

खरी मारामारी नकारात होते. एका बाईंनी मला त्यांचा मेसेज दाखवला होता, टीममधल्या लोकांना पाठवलेला. म्हणायचं होतं, शनिवारी यायलाच पाहिजे असं नाही. लिहिलं होतं, यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे. म्हणजे खबरदार शनिवारी आलात तर! त्यांना वाटत होतं मस्ट म्हणजे पाहिजे, नॉट म्हणजे नाही, बेरीज केली. पण मस्ट नॉटमधला नॉट मस्टला लागत नाही, पुढच्या येण्याला लागतो. न येणं हेच सक्तीचं होऊन बसतं. मराठीत येता कामा नये म्हणतो तसं. सक्ती नाही एवढंच सांगायचं तर यू डोन्ट हॅव टू कम. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मराठीत कधी यायची गरज नाही आणि यायचं नाही ह्यात घोटाळा करता का? नाही ना? मग तीच दोन वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहा आणि त्यांच्यासमोर इंग्रजी लिहा. ह्याच्यापलीकडे नियम नाही.

आता मराठी उलट कामाला कशी येते तेही बघा. तो घरी असेल, हे अंदाजाचं वाक्य. असेलमध्ये खात्री किती हे आपण सुरावरून आणि एखाद्या जोडशब्दावरून सांगतो. असणारच म्हटलं तर ही मस्ट बी ॲट होम. असायला हवा एव्हाना म्हटलं तर ही शुड बी. असेल कदाचित म्हटलं तर मे किंवा माइट. आणि खात्रीने नाही म्हणायचं तर? इथे मुलं लिहितात ही मस्ट नॉट बी ॲट होम. मी विचारते, असणारचच्या उलट मराठीत काय म्हणतोस? तो म्हणतो, असूच शकत नाही. बघ, शकत आला की नाही! इंग्रजीत पण तसंच, ही कान्ट बी ॲट होम.

तसंच असेल आणि असता. आली असेल म्हणजे मस्ट हॅव कम किंवा मे हॅव कम, आपल्याला माहीत नाही, अंदाज. आली असती म्हणजे वुड हॅव कम, आली नाही हे माहितीये. येऊ शकली असती, कुड हॅव कम. ही जी हॅव लावलेली रूपं पुस्तकात शेवटच्या धड्यात असतात आणि सगळे घाबरतात, ती मराठी माणसाला खरं म्हणजे सोपी जायला हवीत, असेल आणि असतामध्ये आपण झोपेत पण चुकत नाही.

आणि कुड यू म्हटलं की नम्र का वाटतं, हा प्रश्न हमखास येतो, कुड तर कॅनचा भूतकाळ ना? हो, पण भूतकाळ लावला की बोलणं जरा लांबून येतं, अंगावर येत नाही. आपण नाही का म्हणत, तुमच्याकडे जरा काम होतं. काम आत्ताच असतं, अजून झालेलं नसतं, तरी होतं. तसंच ते.

सरावाबद्दल म्हणाल तर गाळलेल्या जागा भरा मला फार पटत नाही. चार पर्यायांतून एक उचलायची सवय होते आणि खऱ्या बोलण्यात पर्याय देतं कोण? त्यापेक्षा रोज स्वतःच्याच चॅटमधलं एक वाक्य उचला, तुम्ही खरंच टाइप केलेलं, ज्यात वेळ आहे किंवा पाहिजे, लागेल, असेल, शकतो ह्यातलं काहीतरी आहे. आलोच दोन मिनिटांत, हे घ्या. शब्दाला शब्द ठेवला तर आय केम इन टू मिनिट्स, म्हणजे मी दोन मिनिटांत आलो, गोष्ट संपली. आपण भूतकाळ वापरून भविष्य सांगतोय, इंग्रजीत आय विल बी देअर इन टू मिनिट्स. किंवा तू आलास की सांग. आलास पुन्हा भूतकाळ, इंग्रजीत वर्तमान, टेल मी व्हेन यू कम. व्हेन यू विल कम तिथे चालत नाही, आणि गंमत म्हणजे आलास की म्हणताना आपण पण भविष्यकाळ घालत नाहीच. एक वाक्य, पण त्याची उलटतपासणी पूर्ण करा. वहीत तीस वाक्यं झाली की तुमच्या लक्षात येईल की चुका तीस नाहीयेत, पाच-सहाच आहेत, त्याच त्याच फिरून येतायत.

हां, विचारा. काल आणि हॅव? बरोबर पकडलंत. मी तो सिनेमा कालच बघितलाय, मराठीत एकदम सरळ. आय हॅव सीन इट यस्टरडे मात्र नाही. संपून गेलेली वेळ उच्चारली की हॅव गेला, आय सॉ इट यस्टरडे. वेळ सांगायचीच नसेल, नुसतं बघून झालंय एवढंच असेल, तर आय हॅव सीन इट. म्हणजे बघितलायमधल्या लायला भुलायचं नाही, काल आहे का ते बघायचं.

आणि मागून कोण परवा म्हणालं? परवा राहिलाच की! आपला परवा मागचा पण आणि पुढचा पण, क्रियापद ऐकेपर्यंत कळत नाही कुठला ते. इंग्रजीत त्याला एक शब्द सुद्धा नाही, ओव्हरमॉरो असा होता जुना, पुढच्या परवासाठी, तो वापरातून गेला. आता द डे आफ्टर टुमॉरो नाहीतर द डे बिफोर यस्टरडे, एवढं लांबलचक. पण त्यांचं पण सगळं आलबेल आहे असं नाही, नेक्स्ट फ्रायडे म्हणजे हा येणारा की त्याच्या पुढचा ह्यावर त्यांच्यात पण एकमत नसतं. तिथे मी सरळ तारीख लिहिते, शुक्रवारच्या बाबतीत माझं एकदा झालंय.