निवडाई

(वाशीचं कांदा-बटाटा मार्केट. माहितीपटाचं निवेदन.)

पहाटेच नाशिक-पुण्याकडच्या गाड्या लागतात. गाडीचा फाळका पडला की हमालांची टोळी वर चढते. हातात आकडा, पाठीवर गोण. मुंबईतले घाऊक बाजार एकेक करून वाशीत आले, त्यांच्यासोबत या टोळ्याही आल्या. यांच्यासाठी कायदा आहे, १९६९चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी हमाल एकत्र केले, मोर्चे काढले, संप केले, तेव्हा कुठे तो झाला. माथाडी मंडळ, मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही, फंड, दवाखाना सगळं त्यातूनच आलं. टोळ्यांत सातारा-सांगलीकडचे मराठे जास्त. बापाची जागा मुलाला लागते. मुलीला लागल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता गाळ्याच्या आत, जमिनीवर बघा.

गोण उलटी झाली की बायांचं काम सुरू. पत्ती झटकायची, अंगठ्याने दाबून बघायचं, मऊ लागला की बदल्यात, म्हणजे खराब मालात. मोठा इकडे, बारीक गोल्टी तिकडे. जोडकांदा बाजूला, कोंब फुटलेला वेगळा. ही मावशी आमच्याशी बोलतेय, कांद्याकडे बघतही नाहीये, तरी हात चुकत नाही. नासक्याचा वास तुमच्यापर्यंत पोचत नाही, व्हिडिओचा तेवढा फायदा. निवडलेला माल पुन्हा गोणीत. दाभण, सुतळी, तोंड शिवलं.

या गाळ्यावरच्या बहुतेक जणी मराठवाड्यातून आलेल्या, दलित आणि भटक्या जातींतल्या. राहायला तुर्भे स्टोअरच्या वस्तीत. सडक्यात हात कुणी घालायचा हे गावाकडे ठरलेलं होतं, मार्केटमध्येही कुणी वेगळं ठरवलेलं नाही.

ही शेतकऱ्याची पट्टी, त्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब. हमाली, तोलाई, वाराई, एकेका कामाची कपात. निवडाईचा रकाना शोधू नका. बायांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, संध्याकाळी गाळेवाला हातावर ठेवतो, कागद नाही. वास्तविक कायद्याच्या अनुसूचीत नुसती चढ-उतार नाही. माल भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं हेही तिथे काम म्हणूनच लिहिलंय.

ऐन आवकेत याच बायांनी एकदा गोणी उलटी करायचं नाकारलं. गाड्या तुंबल्या, दुपारपर्यंत हजेरी वाढली. दोघींना पुढे कामावर घेतलं नाही.

आता मंडळाकडे नोंदणीचा अर्ज तयार आहे. सह्या घेणं चालू आहे, जिला सही येत नाही तिचा अंगठा. मार्केट बंद असतं त्या दिवशी, तुर्भे स्टोअरच्या गल्लीत.