ट्रेकच्या फॉर्मवरची सही किती कामाची?

मित्रहो, सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या बहुतेक ग्रुपच्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ हमखास असते: ‘ट्रेकदरम्यान काहीही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.’ सगळी भिस्त त्या ओळीवर, आणि वाद कोर्टात गेला की सगळ्यात कच्ची तीच निघते. सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध जाणारा करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे लॉन्ड्रीची एक पावती आली होती. कपडा हरवला तर किमतीच्या फक्त १५ टक्के भरपाई, असं तिच्यावर छापलेलं. साडी हरवली, आणि कोर्टाने ती अट मानली नाही. साडीची ही गत, तर माणसाच्या मणक्याच्या बाबतीत ‘काहीही झाल्यास’ टिकेल अशी आशा धरू नका. शिवाय निष्काळजीपणामुळे कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो खटला सरकार चालवतं. सही करणाऱ्याने काय माफ केलं होतं, याने तो थांबत नाही.

मग फॉर्म कशासाठी? धोका आधी, स्पष्ट शब्दांत सांगितला होता आणि समोरच्याने तो समजून पत्करला, याचा पुरावा म्हणून. त्यामुळे सगळ्यात जास्त मेहनत धोक्यांच्या यादीवर घ्या.

‘ट्रेकिंगमध्ये धोके असतात’ एवढं लिहून भागत नाही. हरिहरला नेत असाल तर लिहा: कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या आहेत, उतरताना कातळाकडे तोंड करून उतरावं लागतं, पावसात पाय घसरतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असेल तर वरच्याच्या पायाखालचा सुटा दगड खालच्याच्या डोक्यावर येऊ शकतो, हे लिहा. आग्या मोहोळ, वीज, ओढ्याला अचानक येणारा लोंढा, उन्हाचा त्रास हेही लिहा. आणि जखमी माणसाला रस्त्यापर्यंत आणायला किती तास लागतील, मोबाइलला रेंज कुठवर आहे, हे तर लिहाच. हा मुद्दा बहुतेक फॉर्ममधून सुटतो, आणि घरच्यांचा नंतरचा पहिला प्रश्न तोच असतो. तारीख, वाट, चालण्याचे तास आणि ट्रेक किती अवघड त्याची श्रेणीही त्याच पानावर हवी. फॉर्म राजमाचीचा भरून घेतला आणि गर्दी पाहून ऐन वेळी दुसरीकडे वळलात, तर त्या दुसऱ्या वाटेचा धोका कुणीच पत्करलेला नसतो.

प्रकृतीच्या रकान्यात ‘मी पूर्ण तंदुरुस्त आहे’ अशी एकच टिक नको. दमा, रक्तदाब, मधुमेह, फिट्स, हृदयविकार, गेल्या ६ महिन्यांतली शस्त्रक्रिया, गरोदरपण, चालू गोळ्या, मधमाशी चावल्यावर पूर्वी श्वास लागला होता का, हे वेगवेगळं विचारा. मात्र उत्तरं ट्रेक लीडरपर्यंत पोचलीच पाहिजेत. मुलीने ‘दमा’ लिहिलं आणि पायथ्याशी तिचा पंप कुणी पाहिला नाही, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

आता दायित्वमुक्तीचं, म्हणजे आयोजकांना जबाबदारीतून मोकळं करणारं कलम. ते असं लिहिता येईल: ‘वर लिहिलेले धोके मी वाचले आणि समजून घेतले. योग्य काळजी घेऊनही ते पूर्ण टळत नाहीत, हे मला मान्य आहे. अशा धोक्यांमुळे मला इजा झाल्यास संस्था, तिचे पदाधिकारी, ट्रेक लीडर व स्वयंसेवक यांच्याकडे मी भरपाई मागणार नाही. आयोजकांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेस हे लागू नाही.’ शेवटचं वाक्य वाचून आयोजक दचकतात. पण त्याच्यामुळेच बाकीचं कलम वाजवी दिसतं. संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ रद्द ठरवण्याची सोय आहे. संस्थेचं नाव नोंदणीत आहे तसंच लिहा, फक्त ग्रुपचं टोपणनाव नको. ‘कोर्टात जाणार नाही’ ही अट घालू नका, करार अधिनियमाच्या कलम २८ मुळे ती टिकत नाही. स्टँप पेपर किंवा नोटरीनेही रद्दबातल कलमात जीव येत नाही.

तातडीच्या उपचारांची संमती, ‘लीडर सांगेल तेव्हा परत फिरेन’ हे वचन आणि घरच्या माणसाचा फोन हवाच. फोटो वापरण्याच्या संमतीसाठी मात्र वेगळी टिक ठेवा.

सही कधी घेता, यावरही बरंच ठरतं. पहाटे ५ वाजता बसमध्ये, मोबाइलच्या उजेडात ४० जणांत फिरवलेल्या कागदाला कुणी समजून दिलेली संमती म्हणणार नाही. फॉर्म पैसे घेण्याआधी पाठवा, मराठीत आणि इंग्रजीत. आधी फी घेतली, ती परत मिळणार नाही असं सांगितलं आणि मग फॉर्म पुढे केला, तर सही दबावाखाली झाली असं म्हणायला वाव राहतो. ऑनलाइन फॉर्म चालतो, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम १०अ त्याला आधार देतं. पण प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवरून भरावा. एका मित्राने सहा जणांचा भरला, तर उरलेल्या पाच जणांची संमती तुमच्याकडे नाहीच.

मुलांचं काय? १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात सांगितलं. पालकांची सही अवश्य घ्या. तिने पालकांना धोका कळवल्याचं आणि उपचारांना त्यांची संमती असल्याचं दिसतं. मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क मात्र त्या सहीने संपला असं धरून चालू नका.

फॉर्म ट्रेक संपल्यावर फेकू नका. ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षं आहे, दिवाणी दाव्यासाठी साधारण ३ वर्षं धरा. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ती मुदत १८ पूर्ण झाल्यावर मोजतात. म्हणजे आज १२ वर्षांच्या मुलाचा फॉर्म भरून घेतलात, तर तो ९ वर्षं जपून ठेवायचा.