बंधाऱ्याखालचा राखी

(दृश्य : पहाटेचं धुकं. पाण्याचा आवाज. पहिली काही सेकंदं निवेदन नाही.)

जानेवारीतली सकाळ. सांगली जिल्ह्यातला, कृष्णेवरचा एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, वरच्या अंगाला पाणी तटतं आणि दोन्ही काठच्या उसाला मोटरी सुरू होतात. पण बर्गे कितीही ठोकून बसवा, फटी राहतातच. त्या फटींतून पाण्याबरोबर बारके मासे निसटतात आणि खालच्या खडकांतल्या गुडघाभर डबक्यांत अडकतात. या गळतीबद्दल सगळ्यांचीच कुरकुर असते. एक लाभार्थी मात्र खूश आहे. तो बघा, तिसऱ्या गाळ्याखाली उभा.

राखी बगळा. उंची जवळजवळ मीटरभर, वजन मात्र एक ते दोन किलो, म्हणजे बाजारातल्या कोंबडीएवढं. बाकी सगळे पाय, मान आणि पिसं. लांबून बघितलं तर कुणीतरी काठी रोवून तिच्यावर जुनं धोतर वाळत टाकलंय असं वाटावं.

(दृश्य : बगळा उडतो.)

उडताना मानेकडं लक्ष द्या. करकोचा आणि क्रौंच मान पुढं ताणून उडतात. बगळा मानेची घडी घालून ती खांद्यांत ओढून घेतो. आकाशात काळी आकृती दिसली तरी एवढ्यावरून ओळख पटते.

नदीकाठी त्याचे भाऊबंद बरेच. पाणकणसात ताठ उभा राहून दिसेनासा होणारा जांभळा बगळा. नांगरटीच्या मागं किडे टिपत चालणारे गायबगळे, ज्यांचा थवा दिसला की लहानपणी आम्ही नखावर नख घासत ‘बगळ्या बगळ्या कवडी दे’ म्हणत ओरडायचो. आणि वंचक, म्हणजे ढोकरी. बसलेली असताना चिखलाच्या रंगाची, उडाली की पांढरीशुभ्र. पायाखालून उडाली तर दचकायला होतं. मी तरी अजून दचकतो.

पण ही गोष्ट राखीचीच.

पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्यामागं आठ सकाळी घालवल्या. अंगावर हिरवी जाळी, तोंडाला फडकं, कोपरं सोलवटून घेत खडकांवरून सरपटायचो. शंभरेक फुटांवर आलो की घशातून एक खरखरीत आवाज काढून स्वारी पलीकडच्या काठावर. आठही दिवस. त्याच वेळी वीसेक फुटांवर बायका धुणं आपटत असायच्या, म्हशी पाण्यात उतरायच्या, आणि शेतीची लाईट आली की तात्या मोटर चालू करायला त्याच्या जवळून खोकत जायचे. त्यांच्याकडं तो मान वळवूनही बघत नसे.

नवव्या दिवशी तात्याच थांबले. “सायेब, त्यो माणसाला भीत न्हाई. तुमी लपतायसा म्हणून भितोय. सरपटत येतंय त्ये कोल्हं, एवढं त्येला ठावं हाय. म्हैस कवा लपून येती व्हय?”

जाळी त्याच दिवशी गाडीत टाकली.

मग रोज एकाच वेळी, एकाच रंगाचा सदरा घालून, सरळ उभ्यानं चालत यायचं. त्याच्या दिशेनं नाही, तिरकं. त्याच्याकडं टक लावायची नाही. मोटरीच्या पेटीजवळच्या एकाच दगडावर बसायचं. पहिले काही दिवस तो उडाला. मग नुसताच चार पावलं सरकला. मग तेवढंही नाही.

(दृश्य : संथ गतीत. चोच, डोळा, पाणी.)

इथून चित्र संथ केलंय, कारण साध्या डोळ्याला यातलं काही दिसत नाही. डोकं किंचित तिरकं होतं. पाण्यातला मासा दिसतो त्यापेक्षा खोल असतो, विहिरीचा तळ वर आल्यासारखा वाटतो तसं. बगळा हा फरक धरूनच नेम लावतो. मानेत वीस-एकवीस मणके, त्यातला सहावा लांबट. मानेला मध्येच तो बाक दिसतो ना, तो त्याचाच. ही मान आधी हळूहळू आखडते, आणि मग सुटते. कॅमेरा सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर ठेवला तेव्हा कुठं पाण्याचा थेंब गोठला.

मासा आडवा पकडलाय. आता चोचीतल्या चोचीत उलटायचा आणि डोक्याकडून गिळायचा, कारण पर आणि खवलं मागं झुकलेली असतात. गळ्यातून उतरणारा फुगवटा बघा. वर पाण्याचा घोट. मग मधल्या बोटाच्या नखानं मान खाजवणं. त्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात, माशाचा चिकटा विंचरून काढायला.

आपल्या भाषेत बकध्यान म्हणजे ढोंग. तासभर एका पायावर उभं राहून एक मासा मिळतो आणि चार हुकतात, हे मी मोजलंय. यात ढोंग कसलं?

शेजारच्या पांढऱ्या बगळ्यानं मात्र मला फार छळलं. काळ्या पाण्यावर पांढरा पक्षी आला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिसांचा चुना होतो. एक्स्पोजर एक स्टॉप तरी खाली आणावं लागतं, म्हणजे उजेड निम्म्यावर.

घरट्यांची दृश्यं या चित्रफितीत नाहीत. पावसाळ्यात बगळे उंच झाडांवर वसाहत करतात. माणूस खाली घुटमळला की मोठे पक्षी उडतात, आणि कावळे टपलेलेच असतात.

(दृश्य : मोटरीच्या पेटीजवळ तात्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलेले.)

मासा चोचीत असलेला फोटो सगळ्यात आधी तात्यांना दाखवला. त्यांनी तो मोठा करायला लावला, अजून मोठा. बगळा पडद्याबाहेर गेला, मासा तेवढा राहिला.

“मरळ हाय की वो ही!” तात्या म्हणाले. “कंच्या गाळ्याखाली घावली?”