सिकाईच्या वाटेत आलेलं रक्त

(पडद्यावर: ग्वाल्हेरचा लष्कर नावाचा भाग, जनकगंजची एक गल्ली, सकाळ. दुधवाला. लांब मागे धुरकट किल्ला.)

ग्वाल्हेरमध्ये रेडिएशनला रेडिएशन कोणी म्हणत नाही, सिकाई म्हणतात. दुखरा गुडघा शेकतात ना, तोच शब्द. आमच्या घरात मराठीच बोलतात, चार पिढ्या गेल्या ह्या लष्कर भागात, पण आत्याचं कॅन्सरचं हे सगळं सुरू झालं तेव्हा आम्ही पण सिकाईच म्हणायला लागलो, "आज अकरावी सिकाई झाली", "सोमवारी सिकाईला कोण नेतंय". आणि त्या शब्दामुळेच असेल, सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं की तिथे काहीतरी गरम लागतं आणि जिथे लागतं तिथेच काय व्हायचं ते होतं. दोन्ही गोष्टी चूक. मशीनखाली झोपल्यावर आत्याला काहीही जाणवायचं नाही, मशीन नुसतं घरघर करत तिच्याभोवती फिरायचं, आणि जे व्हायचं ते फक्त ओटीपोटात होत नव्हतं, तिच्या अख्ख्या अंगात फिरणाऱ्या रक्तात होत होतं.

हा व्हिडिओ त्या रक्ताबद्दल आहे.

(पडद्यावर: जुन्या फाइलमधले सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचे, रिपोर्ट, बोटाने ओळ दाखवताना.)

आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. ठरलेलं असं, 25 सिकाया, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो, आणि मग आतून द्यायचं रेडिएशन, ब्रॅकीथेरपी. पोटावर मार्करने रेघा मारून दिलेल्या, पुसायच्या नाहीत म्हणून सांगितलेलं, तर बिचारी पाच आठवडे आंघोळ भीतभीतच करायची. घरून निघताना बाटलीभर पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत रोखून बसायचं, कारण ब्लॅडर भरलेलं असलं की आतडी जरा वर सरकतात आणि बीमच्या, म्हणजे किरणांच्या झोताच्या, वाटेतून बाजूला होतात.

दर सोमवारी रक्त तपासायचे. चौथ्या सोमवारी खिडकीवर रिपोर्ट बघून सांगितलं, "काउंट थोड़ा कम है, चलेगा, कीमो लगा देंगे." चलेगा म्हणजे चालेल, आम्ही पण सुटकेचा श्वास टाकला. रात्री मी फाइल लावत होते तेव्हा पहिला रिपोर्ट आणि हा रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिल्यात टोटल डब्ल्यूबीसी, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी, 7,200, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे रोग ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 30 टक्के, म्हणजे 2,160. ह्या वेळी टोटल 3,400 आणि लिम्फोसाइट 10 टक्के. म्हणजे 340! मोठ्या माणसात ते साधारण 1,000 ते 4,000 असायला हवेत. टोटल अर्धी झाली होती, पण लिम्फोसाइट सहावा हिस्सा पण उरले नव्हते, आणि हे कुणी सांगितलं नाही कारण रिपोर्टावर टक्के छापलेले असतात, आकडा आपण काढला तर निघतो.

खिडकीवर जे सांगितलं ते खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. केमो द्यायची की नाही हे न्यूट्रोफिल, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, आणि प्लेटलेटवर ठरवतात, त्या तिच्या ठीक होत्या. पण लिम्फोसाइटचं काय, ते का पडले, ते परत येणार का, हे विचारायची पण गोष्ट आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि माझं सगळं दुःख तिथे आहे.

घरात मात्र कारण लगेच सापडलं. खात नाही म्हणून. काकांनी बीट, डाळिंब, खजूर आणून टाकले, शेजारच्या वहिनी पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, कोणीतरी गुळवेलीचा काढा सुचवला. आत्या सगळं निमूट पीत होती आणि वर तिलाच वाटत होतं की आपलंच काही चुकतंय, दोन पोळ्यांच्या जागी एकच खातो म्हणून काउंट पडला. तिला कसं सांगू असं झालं होतं मला, की अगं आत्या, ह्यात तुझ्या पोळीचा काही संबंध नाही.

(पडद्यावर: रंगपंचमी. खिडकीतून दिसणारी गल्ली. पोरं, पिचकाऱ्या, रंगलेला कुत्रा.)

त्याच आठवड्यात रंगपंचमी होती. आत्या खिडकीत बसलेली, आत रंग आणायचा नाही असं सगळ्यांना बजावलेलं. समोरच्या गच्चीवर एक पोरगा पिचकारी घेऊन उभा, आणि तो नेम धरून एकाच जागी मारत होता, खालच्या चौकातल्या त्या एका दगडावर. पण वाट तीच, येणारे-जाणारे तिथूनच जाणार, मग जो त्या क्षणी दगडापाशी आला तो भिजला. आता समजा हा पोरगा रोज फक्त दोन-तीन मिनिटं उभा राहिला आणि असं 25 दिवस केलं, तर दगड तर भिजेलच, पण जनकगंजात कोरडा माणूस किती उरेल?

रेडिएशनचा नेम ट्यूमरवर असतो, आणि तो नेम आता खरंच अचूक असतो. पण शरीराच्या कुठल्याही भागात रक्त थांबलेलं नसतं. साधारण पाच लिटर रक्त, मिनिटाभरात अंगभर एक फेरी. मशीन चालू असताना जे रक्त त्या वाटेने गेलं त्याला थोडा डोस लागला आणि ते पुढे गेलं, मागून दुसरं आलं. उद्या परत तेच, पण वेगळं रक्त. 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ह्याचा हिशोब मांडला होता, मेंदूतल्या ट्यूमरसाठी, 30 सिकाया, एकूण 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप). पहिल्या दिवशी रक्ताच्या फक्त 5 टक्के पेशींना अर्धा ग्रे किंवा जास्त डोस लागतो. तिसाव्या दिवसापर्यंत? 99 टक्के. डोक्याच्या आत एवढासा ट्यूमर आणि डोस लागला पायाच्या अंगठ्यातल्या रक्ताला पण.

आता कोणी म्हणेल अर्धा ग्रे म्हणजे काय मोठं, आत्यासारख्या ट्यूमरला तर बाहेरूनच 45-50 ग्रे देतात. बरोबर आहे, बाकीच्या पेशींना अर्ध्या ग्रेचं फारसं काही वाटत नाही. पण लिम्फोसाइट फार नाजूक. दीड-दोन ग्रे लागले की निम्मे मरतात. आणि मरतात पण वेगळ्या तऱ्हेने. रेडिएशनने पेशीतला डीएनए तुटतो, पण बहुतेक पेशी तशाच चालत राहतात आणि पुढे कधीतरी दोन व्हायला जातात तेव्हा मरतात, कॅन्सरच्या पेशी पण अशाच मरतात. म्हणून 1906 मध्ये फ्रान्सच्या बेर्गोनिए आणि त्रिबोंदो ह्या दोघांनी नियम मांडला की जी पेशी भराभर वाढते, जी अजून कच्ची आहे, तिच्यावर किरणांचा मार जास्त. लिम्फोसाइट ह्या नियमात बसतच नाही. ती पिकलेली पेशी, वाढायच्या भानगडीत नसते, शांत फिरत असते, आणि तरी डीएनए तुटला की दुरुस्ती करत बसण्यापेक्षा काही तासांत स्वतःला संपवते. हे ध्यानात यायला फार काळ पण लागला नव्हता, एक्स-रे सापडले 1895 मध्ये आणि 1903 मध्येच जर्मनीत हाइनेके नावाच्या डॉक्टरने दाखवलं होतं की किरण दिलेल्या प्राण्यांच्या प्लीहेतल्या आणि लसिका गाठींमधल्या (लिम्फोसाइट बसतात त्या अंगातल्या छोट्या गाठी) ह्याच पेशी सगळ्यात आधी जातात. इतक्या आधी जातात की कुठे रेडिएशनचा अपघात झाला तर कोणाला किती डोस लागलाय हे ओळखायला डॉक्टर पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट किती पडले ते मोजतात.

आत्याच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. कंबरेच्या हाडांत मोठ्या माणसाचा जवळजवळ पाव हिस्सा मॅरो असतो, जिथे रक्त तयार होतं, आणि बीम नेमका त्या हाडांमधून जाणार. शिवाय तिथल्या लसिका गाठींना मुद्दाम डोस देतात कारण कॅन्सर तिकडे पसरतो. म्हणजे फिरणारे मरत होते, ज्या घरात ते बसतात त्या घरावर मारा होता, नवीन बनायची जागा पण त्याच वाटेत होती, आणि वरून केमो.

(पडद्यावर: दवाखान्याच्या आवारातलं कडुनिंबाचं झाड, खाली डबे उघडून बसलेले पेशंटचे नातेवाईक. कोणाचाही चेहरा दिसणार नाही असा शॉट.)

हे सगळं मला एका ज्युनियर डॉक्टर मुलीने सांगितलं, ड्युटी संपल्यावर, उभ्याउभ्या पंधरा मिनिटं. मी तिला विचारलं, मग इंजेक्शन देतात ना काउंट वाढवायचं, ते द्या. ती म्हणाली ते इंजेक्शन न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट नाही. न्यूट्रोफिल मुळात काही दिवसच जगतात, त्यांचं रोजचंच उत्पादन असतं, पडले तरी उठतात. लिम्फोसाइटमधले कितीतरी वर्षानुवर्ष जगणारे, लहानपणच्या गोवराची आठवण धरून बसलेले, ते गेले की त्यांच्या जागी नवीन यायला महिने लागतात, कधी वर्ष, दोन वर्षं. आणि त्यासाठी रोजच्या वापरातलं असं औषध आज नाही.

मग मी विचारलं, म्हणजे इन्फेक्शनची भीती? ती म्हणाली ती तर आहेच, नागीण उठते कधी, ताप आला तर घरी बसायचं नाही, 100.4 च्या वर गेला की सरळ इकडे यायचं. पण तेवढंच नाही. कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणाऱ्या पण ह्याच. मेंदूच्या ट्यूमरच्या पेशंटवर अमेरिकेत 2011 साली छापलेला एक अभ्यास आहे, रेडिएशन, केमो आणि स्टेरॉइड घेतलेले. दोन महिन्यांनी त्यातल्या 40 टक्के लोकांचे सीडी4, म्हणजे लिम्फोसाइटमधलाच एक महत्त्वाचा गट, 200 च्या खाली होते. एचआयव्हीमध्ये ज्या 200 ला घाबरतात तोच आकडा. त्या लोकांतले निम्मे 13.1 महिन्यांच्या आत गेले, बाकीच्यांतले निम्मे 19.7 महिन्यांच्या आत. आणि जे गेले ते जास्त करून इन्फेक्शनने नाही, ट्यूमर वाढून गेले. ह्यावरून काउंट पडल्यामुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही, जास्त आजारी माणसाचे काउंट पण जास्त पडत असतील, पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही. आता तर इम्युनोथेरपी आली, ती औषधं लिम्फोसाइटनाच कामाला लावतात, मग कामाला लावायला ते असायला नकोत का?

मी घरी येऊन हे सांगितलं आणि माझी चूक झाली, अर्धंच सांगितलं. आत्या म्हणाली, "मग मी नाही जात उद्यापासून. माझंच रक्त मारतायत ना ते." काका पण गप्प.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर मुलीलाच फोन लावून दिला. तिने आत्याला हिंदीत समजावलं, जे मी इथे जसंच्या तसं सांगते कारण बघणाऱ्यांमध्ये कोणाच्या घरी हीच वेळ असेल. ह्या कॅन्सरमध्ये बाहेरची आणि आतली मिळून सगळी ट्रीटमेंट आठ आठवड्यांच्या आत संपली पाहिजे, मध्ये खंड पडला तर ट्यूमर त्या दिवसांत परत वाढतो आणि बरं व्हायची शक्यता कमी होते. लिम्फोसाइट उशिरा का होईना, परततात. सुटलेला कॅन्सर मात्र थांबत नाही. "आंटी, आप आइए, बस." आत्याने फोन ठेवला आणि पाण्याची बाटली भरायला उठली.

काढा मात्र बंद झाला. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते, त्यावर वाद झाला, पण केमो चालू असताना आम्हाला तो वाद आत्याच्या पोटात नको होता. वहिनींना वाईट वाटलं. त्या मग रोज मुगाची खिचडी आणायला लागल्या, गरम, झाकून.

आता डॉक्टर लोक हे नुकसान कमी कसं करायचं ह्यावर काम करतायत. कमी दिवसांत ट्रीटमेंट, म्हणजे वाटेत येणारं रक्त कमी, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवड्यांऐवजी तीन, काही जणींना एकच आठवडा देतात ते मुळात ह्यासाठी नाही पण फायदा इथे पण होऊ शकतो. कंबरेच्या हाडातला मॅरो वाचवत प्लॅन आखता येतो. प्रोटॉन मशीन ट्यूमरच्या पुढे जवळजवळ काही सांडत नाही, खारघरला टाटाच्या केंद्रात ते आहे, पण जनकगंजातून खारघर किती लांब आहे हे आम्हाला विचारा. तोपर्यंत एक गोष्ट कोणालाही जमते, रिपोर्ट हातात आला की टोटलला लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी गुणायचं, शंभरने भागायचं, आणि तो आकडा डॉक्टरांपुढे ठेवून विचारायचं.

(पडद्यावर: आत्याचे हात. वही.)

आत्याची ट्रीटमेंट संपून दीड वर्ष होईल. दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर ती आता स्वतः आकडे लिहिते, मी फक्त गुणाकार तपासते. 340. मग 410. मग बरेच महिने 600 च्या आसपास अडकलेलं. मागच्या महिन्यात 980, त्याच्याखाली तिने पेनाने दोन रेघा मारल्यात, आणि शेजारी पुढच्या तपासणीची तारीख.