जमालपूरची नोंद

सैन्यातून बाहेर पडणाऱ्या जवानाच्या हाती एक डिस्चार्ज बुक दिले जाते. भरती कधी झाली, कोणत्या पलटणीत सेवा झाली, वर्तणूक कशी होती आणि कोणती पदके मिळाली, हा सगळा हिशोब त्या छोट्या पुस्तिकेत असतो. ही पुस्तिका पेडणे तालुक्यातील एका माजी सैनिकाची आहे. पदकांच्या रकान्यात निळ्या शाईने एकच ओळ लिहिलेली दिसते, ती स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकाची. 15 ऑगस्ट 1972 रोजी जो कोणी सैन्यात होता, मग तो आघाडीवर असो वा भांडारात, त्याला हे पदक देण्यात आले होते. त्याखालची जागा कोरी आहे. तिथे 1971च्या युद्धातील सेवेबद्दलची ‘पूर्वी स्टार’ व ‘संग्राम मेडल’ आणि जखमी झाल्याबद्दलचे ‘पराक्रम पदक’ यांची नोंद व्हावी, असा या सैनिकाचा अर्ज आहे.

गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि या चित्रफितीतही आपले एवढेच नाव यावे, अशी त्यांची इच्छा आहे. 1966 साली ते बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, तेव्हा गोवा मुक्त होऊन जेमतेम पाच वर्षे होत होती. गोमंतकीय माणूस सैन्यात जात नाही, असे आपण सहज बोलून जातो; पेडणे, डिचोली आणि सत्तरीतील घरांच्या भिंतींवरचे गणवेशातले फोटो मात्र वेगळे सांगतात. प्रशिक्षण संपल्यावर भाऊ रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, दाखल झाले.

डिसेंबर 1971मध्ये ही पलटण मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली. ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर येथे पाकिस्तानची 31 बलुच ही बटालियन भक्कम मोर्चे बांधून बसली होती. समोरून चढाई करण्याऐवजी लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली मराठा जवान नदी ओलांडून शहराच्या पाठीमागे गेले आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता त्यांनी अडवून धरला. भारतीय ब्रिगेड कमांडरने शरणागतीची चिठ्ठी पाठवली, तेव्हा बलुच बटालियनच्या कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून परत धाडली, ही हकिगत लष्करी इतिहासात प्रसिद्ध आहे. 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटण्यासाठी शत्रूने नेमकी याच अडवलेल्या रस्त्यावर धडक मारली. भाऊंचा खंदक त्या रस्त्याच्या कडेला होता. पहाटेपूर्वी केव्हातरी उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा त्यांच्या डाव्या मांडीत घुसला. ती खूण अशी आहे.

जंगी पलटण पुढे टांगाईलजवळ छत्रीने उतरलेल्या 2 पॅरा या पलटणीला जाऊन मिळाली. हीच 2 पॅरा 1961मध्ये फोंड्याच्या वाटेने गोव्यात आली होती आणि मुळात तीही मराठ्यांचीच पलटण, हे गोव्यातील प्रेक्षकांसाठी जाता जाता सांगायला हवे. भाऊंना मात्र तोवर स्ट्रेचरवरून मागे नेण्यात आले होते. आसामातील लष्करी इस्पितळाने त्यांना घरी सोडताना दिलेला हा कागद घडीवर फाटला आहे आणि त्यावरचा शिक्का वाचता येत नाही.

नोंद का राहिली, हे समजून घेण्यासाठी पदकांची रीत समजून घ्यावी लागते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र अशा शौर्यपदकांची घोषणा राजपत्रात नावानिशी होते, त्यामुळे ती कुणालाही पडताळून पाहता येतात. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘संग्राम मेडल’ यांचे तसे नाही. ही मोहिमेची पदके. जो ठरलेल्या काळात ठरलेल्या क्षेत्रात होता, त्याला ती मिळतात आणि त्यासाठी त्याच्या युनिटने पात्र जवानांची यादी करून वर पाठवायची असते. यादी तयार होत होती, तेव्हा भाऊ इस्पितळातून सुटून दुसऱ्या युनिटमध्ये गेले होते. जुन्या युनिटने धरले, की नवे युनिट नाव पाठवील. नव्याने धरले, की जुन्याने पाठवले असेल. वडील वारल्यावर, 1975मध्ये, भाऊंनी स्वतःच्या विनंतीवरून सैन्य सोडले. पंधरा वर्षांची सेवा झाली नसल्याने त्यांना निवृत्तिवेतन मिळाले नाही.

निवृत्तिवेतन नसण्याचा परिणाम कागदांवरही झाला. ज्याला निवृत्तिवेतन नाही, त्याची सेवेची कागदपत्रे नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात आणि त्याच्यापुरता फक्त ‘लाँग रोल’ नावाच्या कायम नोंदवहीतील मजकूर उरतो. 2021 साली युद्धाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल देशभर ‘स्वर्णिम विजय वर्ष’ साजरे झाले, तेव्हा माजी सैनिकांच्या एका अर्जात मिळालेल्या पदकांचा रकाना भाऊंना भरता आला नाही. त्यानंतर त्यांनी सैनिक कल्याण खात्यामार्फत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला. कार्यालयाच्या फाटकापुढे कॅमेरा नेता येत नाही. तिथून आलेले उत्तर मात्र इथे दाखवता येते. भाषा सौजन्याची आहे. मूळ कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली असून, लाँग रोलमध्ये या पदकांचा उल्लेख आढळत नसल्याने अर्जदाराने पुरावा सादर करावा, असे त्यात म्हटले आहे. ज्या सेवेचे कागद सरकारने लिहिले, सरकारने ठेवले आणि सरकारनेच नष्ट केले, तिचा पुरावा पंचाहत्तरी ओलांडलेल्या शिपायाकडे मागितला गेला.

पुरावा गोळा करताना गोव्यातल्या माणसाला आणखी एक अडचण आली. भाऊंचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, तेव्हा जन्मनोंदणी पोर्तुगीज वळणाने झाली; त्या नोंदींत ‘श’च्या जागी ‘एक्स’ येतो आणि ‘क’च्या जागी कुठे कुठे ‘क्यू’. बेळगावच्या भरतीत कारकुनाने कानांवर पडले तसे इंग्रजीत लिहिले. आधार कार्डावरचे नाव तिसऱ्याच तऱ्हेचे आहे आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चौथे. आता भाऊंना मिळालेले हे एकमेव पदक पाहावे. लष्करी पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. इथे नावातली अक्षरे झिजली आहेत, क्रमांक मात्र ठळक आहे. चारही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ते अर्जाला जोडावे लागले.

सावंतवाडी आणि कोल्हापूर येथील दोन जुन्या सोबत्यांनी आपापली प्रतिज्ञापत्रे दिली. माहितीच्या अधिकाराखालीही एक अर्ज गेला. युद्धाच्या दैनंदिनी, म्हणजे वॉर डायऱ्या, संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात आणि साधारणपणे पंचवीस वर्षांनी युद्धविषयक कागद खुले करावेत, असे धोरण मंत्रालयाने जून 2021मध्ये जाहीर केले आहे. भाऊंसारख्यांना त्याचा उपयोग व्हायला हवा, तेवढा तो अजून होताना दिसत नाही. शेवटी उपयोगी पडला तो पलटणीचा जुना कागद. 11 डिसेंबरच्या जखमींच्या यादीत नाव वेगळ्याच स्पेलिंगने असले, तरी क्रमांक तोच होता, पदकाच्या कडेवरचा.

मोहिमेच्या पदकांना पैसे जोडलेले नसतात आणि त्यांच्या प्रतिकृती बाजारात विकतही मिळतात. “विकत आणून लावायची असती तर कधीच लावली असती,” असे भाऊ म्हणतात. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ यांच्या नोंदीला मंजुरी मिळाल्याचे हे पत्र आहे. युद्धात जखमी झालेल्यांच्या निवृत्तिवेतनाचा विषयही पुढे याच नोंदींशी येऊन मिळतो.

‘पराक्रम पदक’ मात्र अडले आहे. ते शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांना दिले जाते आणि यादीत जखमी असा शब्द आहे, जखम कशाने झाली ते लिहिलेले नाही. अभिलेख कार्यालयाने इस्पितळाच्या मूळ नोंदवहीची प्रत मागितली आहे. अशी नोंदवही रुग्णाकडे नसते, ती इस्पितळाकडे असते, आणि इस्पितळ लष्कराचेच आहे. तिची प्रत मिळावी म्हणून भाऊंनी आता इस्पितळाला अर्ज पाठवला आहे. तोही नाकारला गेला, तर गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो त्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जायचे त्यांनी ठरवले आहे.