आखूड नळीवरचा आळ

मित्रहो, ‘दोन इंची रिव्हॉल्व्हरने दहा मीटरवरही धड नेम लागत नाही’ हे वाक्य नेमबाजांच्या गप्पांत इतक्या ठामपणे येतं, की ते तपासावं असं सहसा कुणाला वाटत नाही. आज ते तपासू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आखूड नळी गोळी भरकटवत नाही. चूक होते ती हातात. आखूड रिव्हॉल्व्हर ती चूक पोटात घालत नाही, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल बऱ्याच अंशी घालतं.

सुरुवात मोजमापापासून करू, कारण तिथेच बऱ्याच तुलना घसरतात. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता गोल भाग) धरत नाहीत. पिस्तुलाच्या नळीत मात्र चेंबरही (काडतूस बसतं ती पोकळी) मोजलं जातं. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 36 रिव्हॉल्व्हरची आखूड नळी सुमारे 48 मिलीमीटरची, आणि ग्लॉक 26 पिस्तुलाची 87 मिलीमीटरची. पण या 87 पैकी 19 मिलीमीटर जागा काडतुसाच्या केसचीच असते. म्हणजे कागदावर 39 मिलीमीटर दिसणारा फरक प्रत्यक्षात विसाच्या आसपास येतो.

आता पिळाचं पाहू, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीच्या आतल्या पिळदार खाचांचं. स्मिथ अँड वेसनच्या .38 कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत 18.75 इंचांना एक फेरा असा पीळ असतो आणि आपली नळी आहे 1.875 इंचांची. गोळी बाहेर पडेपर्यंत एका फेऱ्याचा जेमतेम दहावा भाग फिरते! एवढ्याशा फिरण्याने ती स्थिर कशी होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण फिरण्याचा वेग नळीच्या लांबीवरून थेट ठरत नाही. तो ठरतो पीळ किती घट्ट आहे आणि नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग किती आहे यावरून. सेकंदाला 230 मीटर वेगाने निघालेली गोळी या पिळामुळे सेकंदाला साधारण 480 फेरे घेत असते. आखूड नळीत वेग काहीसा कमी मिळतो, हे खरं. पण दहा-पंधरा मीटरवर त्याने ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका, फुटत नाही.

यंत्र म्हणून दोघांची दुखणी वेगळी. रिव्हॉल्व्हरची नळी फ्रेममध्ये पक्की बसलेली आणि नेम धरायची साईटही त्याच सांगाड्यावर, हा मोठा फायदा. पण गोळी सुटते पाच-सहा वेगवेगळ्या चेंबरांतून, आणि प्रत्येक चेंबर नळीच्या सरळ रेषेत येऊन थांबायला हवं. पिस्तुलात चेंबर एकच. मात्र जॉन ब्राउनिंगच्या पद्धतीच्या पिस्तुलांत प्रत्येक शॉटला नळी मागे सरकून कलते आणि पुन्हा जागेवर येते. साईट असते स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर. स्लाइड आणि नळी दर वेळी एकमेकांशी तंतोतंत तशीच बसली, तर ग्रुप घट्ट येतो. दोन्हीकडे काम चांगलं झालेलं असेल, तर शिकंज्यात पक्क्या बांधलेल्या हत्याराचे ग्रुप माणसाच्या हातातल्या ग्रुपपेक्षा कितीतरी लहान येतात.

मग हातात आल्यावर काय बिघडतं? पहिली गोष्ट, फोरसाईट (पुढची साईट) आणि बॅकसाईट (मागची साईट) यांमधलं अंतर. ग्लॉक 17 वर ते 165 मिलीमीटर असतं, आखूड रिव्हॉल्व्हरवर शंभरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आता समजा, ट्रिगर दाबताना फोरसाईट अर्धा मिलीमीटर बाजूला गेली. 25 मीटरवर रिव्हॉल्व्हरची गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला लागेल, तर पिस्तुलाची साडेसात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलीमीटर व्यासाचं असतं. चूक तेवढीच, पण पिस्तुलवाला आठच्या आसपास राहतो आणि रिव्हॉल्व्हरवाला सहाच्या कडेवर जातो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, ती म्हणजे ट्रिगर. पोलादी मॉडेल 36 चं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे एकाच ओढीत हॅमर (काडतुसावर आघात करणारा हातोडा) मागे जाऊन सुटतो तेव्हा, त्याचा ट्रिगर ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. हत्याराच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर, तोही लांब ओढीवर! ग्लॉकला अडीच किलोच्या आसपास पुरतात, आणि मागे उभं आहे जास्त वजन आणि भरगच्च मूठ. आखूड रिव्हॉल्व्हरच्या छोट्या मुठीवर करंगळीला जागाच उरत नाही. तर्जनी जोर लावते, तशी बाकीची बोटंही नकळत आवळतात. हॅमर सुटण्याच्या ऐन क्षणी फोरसाईट खाली बुडते, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी बहुधा खाली डावीकडे लागते. दोष मात्र नळीला दिला जातो.

हे पडताळून पाहणं सोपं आहे. हॅमर उघडा असलेलं रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशवीवर टेकवा, हॅमर हाताने मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये पाच शॉट मारा. मग टेका काढून डबल ॲक्शनमध्ये पाच. नळी तीच, काडतुसं तीच. दोन कागद शेजारी ठेवले की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

डबल ॲक्शनच मुळात अचूक नाही, असंही कुणी म्हणू नये. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्न यांनी 1932 साली डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरने अर्ध्या सेकंदाच्या आत पाच शॉट मारले, तेही तळहाताहून लहान जागेत. त्यांच्याच देशातले नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी 1999 साली सहा शॉट, पुन्हा भरणं आणि आणखी सहा शॉट हे सगळं 2.99 सेकंदांत केलं. त्यांची रिव्हॉल्व्हरं दोन इंची नव्हती, पण बोटाचं काम याच जातीचं होतं. म्हणून मी नव्या नेमबाजाला सांगतो, पहिला ग्रुप पिस्तुलाने मार, पण ट्रिगर रिव्हॉल्व्हरवर शीक. हत्यार दोनदा तपासून रिकामं करायचं, खरी काडतुसं खोलीबाहेर ठेवायची, डमी काडतुसं भरायची. मग फोरसाईटवर डोळा ठेवून एकसंध ओढ द्यायची. साईट हलली की ती ओढ बाद.

काडतुसाबद्दल थोडक्यात. .38 स्पेशलच्या बऱ्याच आखूड रिव्हॉल्व्हरांच्या स्थिर साईट 158 ग्रेन (सुमारे दहा ग्रॅम) वजनाच्या गोळीच्या बेताने बसवलेल्या असतात. हलकी, वेगवान गोळी नळीतून लवकर निसटते, तोवर नळीचं तोंड तेवढं वर उचललेलं नसतं. त्यामुळे ती खाली लागते. ही हत्याराची चूक नव्हे.

आणि एवढं करूनही एखादं रिव्हॉल्व्हर पाचातला एक शॉट सतत बाहेर टाकत असेल, तर चेंबरांवर मार्करने आकडे घाला. प्रत्येक चेंबरमधून वेगळ्या कागदावर पाच-पाच शॉट मारा, पिशवीवर टेकून, सिंगल ॲक्शनमध्ये. चार कागदांवर ग्रुप एकाच जागी आला आणि पाचव्यावर बाजूला सरकला, तर ते चेंबर नळीच्या रेषेत येत नाही. तेव्हा मात्र दुरुस्ती तुमच्या बोटाची नाही, रिव्हॉल्व्हर कारागिराकडे न्यायचं.