पहिल्या झटक्यानंतरची दहा वर्षं

स्किझोफ्रेनियाचा पहिला झटका बहुतेकदा कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात येतो. मुलगा रात्र-रात्र जागतो, लेक्चरला जाणं सोडतो, शेजारचे आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणून खिडक्या लावून घेतो. घरच्यांना आधी अभ्यासाचं टेन्शन वाटतं. मग कुणीतरी बाहेरची बाधा सुचवतं. केईएम, सायन किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर निघेपर्यंत महिनोन् महिने गेलेले असतात.

पुढच्या दहा वर्षांचं बरंचसं गणित या महिन्यांत दडलेलं असतं. भास किंवा ठाम संशय सुरू झाल्यापासून योग्य औषध मिळेपर्यंतचा काळ जितका लांब, तितकी सुधारणा अवघड. अमेरिकेतल्या ३४ केंद्रांवर ४०४ रुग्णांचा 'रेझ' नावाचा अभ्यास झाला. त्यात निम्म्या रुग्णांचा हा काळ ७४ आठवड्यांहून जास्त निघाला. औषध, कुटुंबाचं मार्गदर्शन आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत असा एकत्रित उपचार या ७४ आठवड्यांच्या आत मिळालेल्यांना त्याचा फायदा कितीतरी जास्त झाला.

काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. आजार अचानक उफाळला असेल, आधीची मैत्री-अभ्यास नीट चालू असेल, रुग्ण स्त्री असेल, तर सुधारण्याची शक्यता सरासरीने जास्त असते. सुरुवातीपासूनच बोलणं आटलं असेल, कशातच हौस राहिली नसेल, लक्ष आणि स्मरणशक्ती ढासळली असेल, तर वाट लांबची. पण हे समूहाचे अंदाज आहेत. समोर बसलेल्या एका मुलाचं भविष्य पहिल्या दिवशी कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगूही नये.

हातात असलेली पहिली गोष्ट म्हणजे औषधाचे सुरुवातीचे आठवडे. इथं एक घोटाळा वारंवार होतो. गोळ्या सुरू झाल्यावर मुलगा खुर्चीत टिकत नाही, टाच सारखी हलवतो, दारापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा उठतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तसंच सांगितलं की डोस वाढतो आणि तगमगही वाढते. ही अ‍ॅकॅथिसिया, म्हणजे औषधाचाच दुष्परिणाम असू शकतो. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडून ती आटोक्यात येते. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'अस्वस्थ आहे' सांगू नका. तगमग कधी सुरू झाली, नेमकी कोणती गोळी वाढवल्यावर, तेही सांगा. ओलान्झापीनसारख्या गोळ्यांनी वजन झपाट्याने वाढतं. त्यामुळे वजन, कंबर आणि उपाशीपोटीची साखर सुरुवातीलाच मोजायची, तीन महिन्यांनी पुन्हा.

दोन वेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये प्रत्येकी सहा आठवडे नियमित देऊनही फरक पडला नाही, तर क्लोझापीन या औषधाचा विचार व्हायला हवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे पाहायला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासणी लागते, म्हणून ते वर्षानुवर्षं लांबवलं जातं. ही दिरंगाई रुग्णाला फार महागात पडते.

मग येतो 'आता बरं वाटतंय' हा टप्पा. न्यूयॉर्कमधल्या रॉबिन्सन यांच्या १९९९च्या अभ्यासात, पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांचा आजार पाच वर्षांत उलटला. गोळ्या बंद केलेल्यांना हा धोका जवळपास पाचपट होता. डोस कमी करता येतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि काही महिन्यांच्या अवधीत. झोप दोन-तीन रात्री उडाली, जेवणाबद्दल संशय सुरू झाला, की पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. कालनिर्णयच्या चौकटीत रोजचे झोपेचे तास लिहिले तर ही घसरण वेळेत दिसते.

घराचाही वाटा आहे. लंडनमध्ये १९७०च्या दशकात दिसलं की सतत टोमणे, राग किंवा अति काळजी असलेल्या घरात रुग्ण आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर असेल, तर आजार जास्त वेळा उलटतो. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे तास बुधवारपर्यंतच भरतात. जागा वाढवता येत नाही, पण रोज दोन तास अभ्यासिका किंवा डे-केअर केंद्र ठरवता येतं. 'किती लोळतोस' हे वाक्य मात्र थांबायलाच हवं. तो आळस नसतो, आजाराचंच लक्षण असतं.

बरं होणं मोजायचं कशावर, हा खरा कळीचा प्रश्न. २००५च्या निकषांनुसार आठ मुख्य लक्षणं सहा महिने सौम्य किंवा त्याहून कमी राहिली, तर आजार शमला. काम, नाती आणि तग धरून राहणं हेही धरलं की आकडा घसरतो. २०१३च्या एका आढाव्यात असं सावरणाऱ्यांचं मध्यक प्रमाण १३.५ टक्के होतं. मुंबईतल्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यातून २०१०मध्ये एक गंभीर बाब पुढे आली: लक्षणं सुधारलेल्यांमध्येही आत्महत्येचा धोका शिल्लक राहतो. म्हणून शांत, गप्प रुग्णालाही मनात मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायचं. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

कामावर परतताना पूर्ण पाळी लगेच नको. सकाळी गुंगी राहत असेल तर रात्रीची गोळी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सुरुवात अर्ध्या दिवसाने, विरारची सकाळची गर्दी ओसरल्यावरच्या लोकलने. मालकाला आजाराचं नाव सांगायचं की नाही, हा निर्णय रुग्णाचा.